नवा टेप बसवला आणि गाडी सकाळी उठेना

रात्री गाडी चांगली चालवत आणून लावली. सकाळी किल्ली फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट. मीटरवरचे दिवे मंद होतात, घड्याळ १२:०० वर जाऊन बसतं, कधी कधी रिमोटने लॉकही उघडत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जम्पर केबल लावली की लगेच चालू, मग दिवसभर काही तक्रार नाही. रोज ऑफिसला नेली तर आठवडाभर ठीक चालते, शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी मेलेली. आणि हे सगळं नवा अँड्रॉइड टेप, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यानंतर सुरू झालेलं.

ही लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. गाडीत नवं काहीच बसवलेलं नाही आणि बॅटरी चार-पाच वर्षांची झाली आहे, तर ती म्हातारी झाली, बदलून टाका. सेल्फ मारल्यावर एकच ‘टक्’ येतो पण हेडलाइट मात्र लख्ख राहतात, तर दुखणं बहुतेक सेल्फचं, म्हणजे स्टार्टर मोटरचं आहे. त्याचा इथे संबंध नाही.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण आमच्या मनीषनगरच्या बिल्डिंगमध्ये आणि नात्यागोत्यात मिळून हे एकच दुखणं आतापर्यंत दहा-बारा गाड्यांत बघितलं. सुरुवात माझ्याच गाडीपासून झाली. नऊ इंची टेप बसवला, दोन महिन्यांत बॅटरी बसायला लागली. बॅटरीवाला म्हणाला, “भाऊ, नागपूरच्या उन्हात टिकूनच नाही राहिली कोणती बॅटरी.” मला पटलं, कारण मे महिना होता. नवी टाकली. दिवाळीपर्यंत तीही तशीच. तेव्हा डोक्यात आलं, की ऊन काय फक्त माझ्याच गाडीवर पडतं?

उन्हाचं खोटं नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आतली झीज जवळपास दुप्पट वेगाने होते, आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ४५ अंश म्हणजे काही नवल नाही. पण उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, ती एका रात्रीत रिकामी होत नाही. एका रात्रीत रिकामी होत असेल तर कोणीतरी ती पीत आहे.

कोण पितो ते शोधायचं. सुरुवात फुकटच्या गोष्टींनी करा. माझा अनुभव असा की निम्म्या गाड्या पैसा न लागता सुधारतात.

हाताने काढता येईल ते काढा

लायटरच्या सॉकेटमधला चार्जर, डॅशकॅमची पिन, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासायला यंत्र लावतो ती जागा) खोचलेलं ब्लूटूथ डोंगल, हवा शुद्ध करायचं ते यंत्र, सगळं एका संध्याकाळी काढून ठेवा आणि दोन-तीन रात्री बघा. काही गाड्यांत लायटर सॉकेट किल्ली काढल्यावर बंद होतं, काहींत चोवीस तास चालू राहतं. तुमच्या गाडीत काय आहे ते किल्ली काढून, मोबाइल चार्जिंगला लावून एका मिनिटात कळतं.

त्या ओबीडी डोंगलकडे दुर्लक्ष करू नका. ते स्वतः फार खात नाही, पण गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलत राहून त्याला झोपू देत नाही. माझ्या साळ्याच्या गाडीत तेवढंच होतं. त्याने मायलेज बघायला ते घेतलं, एकदा बघितलं, आणि मग सहा महिने ते तिथेच लटकत होतं.

दिवे

डिकीचा, ग्लोव्ह बॉक्सचा, सनव्हायझरच्या आरशाचा. मोबाइलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. आत अंधार झाला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच व्हिडिओत त्याचा छोटा लाल किंवा निळा दिवा दिसतो का तेही बघा. गाडी बंद असताना तो पेटलेला असेल तर चोर सापडला. अ‍ॅम्प्लिफायरची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा देणारी निळी-पांढरी, टेपकडून यायला हवी. फिटरने ती कायम चालू असलेल्या वायरला जोडून दिलेली असते.

टर्मिनल

पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर व्हॅसलीन लावा. टर्मिनलचा चिमटा हाताने हलला तर तो ढिला आहे. दहाच्या पान्ह्याने आवळा, पण शिसं मऊ असतं, पहिलवानकी नको. ढिल्या टर्मिनलमुळे बॅटरी चार्ज नीट घेत नाही आणि लक्षणं हुबेहूब ‘बॅटरी उतरली’ अशीच दिसतात.

एक रात्र निगेटिव्ह काढून ठेवा

मला हीच तपासणी सगळ्यात जास्त आवडते, कारण पान्ह्याशिवाय काही लागत नाही आणि ‘बॅटरी खराब की गाडी खराब’ या भांडणाचा निकाल एका रात्रीत लागतो.

गाडी तासभर तरी हायवेवर चालवून आणा. समृद्धी महामार्गाला लागून थोडं पुढे जाऊन या, किंवा रामटेकला गडमंदिराचं दर्शन घेऊन या. मनीषनगर ते बर्डी (सीताबर्डी) अशा गावातल्या छोट्या फेरीत सेल्फने खाल्लेलं सोडून फारसं काही परत भरत नाही. घरी आल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, चिमट्याला जुनं फडकं गुंडाळून बाजूला ठेवा. आधी निगेटिव्हच काढायचं. पॉझिटिव्हला हात घातला आणि पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. सकाळी लावून सेल्फ मारा.

लगेच सुरू झाली, आणि जोडून ठेवलेल्या रात्री मरते, तर बॅटरी चांगली आहे. गाडीत काहीतरी पीत आहे. काढून ठेवूनही सकाळी मरगळली असेल तर बॅटरीनेच मान टाकली आहे. ती बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टला न्या. वॉरंटीत असेल तर बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड घेऊन जा.

बॅटरी काढल्याने सेंट्रल लॉक चालणार नाही, दार किल्लीने हातानेच लावावं लागेल. घड्याळ आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो-अप पुन्हा सेट करावं लागतं. आणि स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला ओढाताण सोसत नाही, तेव्हा अशा गाडीत ही तपासणी शोरूमवाल्यांवरच सोडा.

चारशे रुपयांचा मल्टिमीटर

यापुढे मीटर लागतो. बर्डीवर साधा डिजिटल मला चारशेला मिळाला, तो अजून चालतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर थेट व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपली. चालवून आणल्या आणल्या बघू नका, तेव्हा वरवरचा चार्ज असतो आणि मेलेली बॅटरीही १२.८ दाखवून फसवते. मग इंजिन चालू करून बघा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर भरण्याचं काम करत आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मधे मधे चार्जिंग कमी करतो, म्हणून एकाच आकड्यावर घाबरू नका, पाच-दहा मिनिटं बघत राहा. सतत १३ च्या खाली किंवा १५ च्या वर असेल तर माझ्या आणि तुमच्या आवाक्यातलं काम संपलं, शेवटचा भाग वाचा.

डॅशकॅमची हार्डवायर किट

ज्यांनी लायटर सॉकेटऐवजी फ्यूज बॉक्समधून डॅशकॅम घेतला आहे त्यांच्यासाठी. या किटला तीन वायरी असतात: एक कायम चालू राहणाऱ्या फ्यूजला, एक एसीसी म्हणजे किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजला, आणि एक अर्थिंगची. पार्किंग मोड चालू असेल तर कॅमेरा गाडी बंद असतानाही बघत राहतो आणि साधारण ३००-४०० मिलिअँपिअर खातो.

हिशोब करून बघा. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ४०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ९.६ अँपिअर-अवर. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त गेली, तिसऱ्या दिवशी कट-कट-कट. याच्या तुलनेत गाडीचं स्वतःचं, म्हणजे घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर मिळून, ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. तेवढ्यावर गाडी दोन आठवडे तरी उभी राहते.

म्हणूनच किटवर लो-व्होल्टेज कटऑफ असतो. छोटा स्विच असतो, त्यावर ११.६, ११.८, १२, १२.२ किंवा १२.४ असे आकडे लिहिलेले. बहुतेक वेळा फिटर तो सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून देतो, म्हणजे ‘कॅमेरा मधेच बंद पडतो’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येत नाही. ११.६ ला कॅमेरा बंद झाला तरी तोवर बॅटरीत काही उरलेलं नसतं. १२.२ च्या खाली ठेवू नका. गाडी बंद गेटच्या आत लावत असाल तर पार्किंग मोडच बंद करा. आमच्या सोसायटीत रात्री गाडीला जाऊन धडकतं कोण? एक कुत्रं येऊन बॉनेटवर झोपतं, त्याचे तीनशे व्हिडिओ झाले होते.

डॅशकॅम अजून घ्यायचा असेल तर लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे लिथियम सेल फुगतो. एका काकांचा कॅमेरा पापडासारखा फुगून मागचं झाकण उचकटलेला मी बघितला आहे.

टेपच्या मागची लाल आणि पिवळी

आता मूळ मुद्दा. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघाला.

अँड्रॉइड टेपला पिवळी वायर बॅटरीतून थेट कायम येते, सेटिंग लक्षात राहण्यासाठी. लाल वायर एसीसीची. किल्ली बंद झाली की लालमधला करंट जातो आणि टेपला कळतं की आता झोपायचं. काळी अर्थिंगची. आता बऱ्याच गाड्यांत फिटरला टेपच्या मूळ कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) एसीसी सापडत नाही, कारण नव्या गाड्यांत तो इशारा वायरीने न येता कॉम्प्युटरच्या डेटा लाइनने येतो. त्यासाठी वेगळा कॅनबस डबा लागतो. तो डबा महाग किंवा दुकानात नाही. मग काय करायचं? लाल आणि पिवळी एकत्र पिळायची, वर इन्सुलेशनची पट्टी गुंडाळायची. ‘डायरेक्ट करून दिलं भाऊ, टेन्शन नाही.’ टेप लागतो, गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश. फक्त टेपला किल्ली बंद झाली हे कधीच कळत नाही. आपण बटण दाबून स्क्रीन काळी करतो, आत मात्र तो जागाच असतो.

ओळखायचं कसं? किल्ली काढा, दार उघडा, दार बंद करा, गाडी लॉक करा, दहा मिनिटांनी काचेतून बघा. स्क्रीन पेटलेली असेल तर प्रश्नच मिटला. काळी असेल तर डिसेंबरच्या पहाटे, गाडी गार पडलेली असताना, स्क्रीनच्या कडेला बोटं लावा. माझ्या गाडीत बाकी डॅशबोर्ड बर्फासारखा आणि टेपची कड कोमट होती, चहाचा कप ठेवून उचललेल्या जागेइतकी. इतके महिने बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो, उत्तर बोटाला लागलं.

वायर बघायची तर आधी निगेटिव्ह काढा, मग टेपभोवतीची फ्रेम प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घातला तर ओरखडा कायमचा. मागे दोन गोष्टी बघा. लाल आणि पिवळी एकाच गाठीत आहेत का, आणि जोड कसा आहे. साध्या काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद आपल्या मे महिन्यात वितळून ओघळतो. मी उघडलेल्या एका गाडीत ती पट्टी सुटून खाली पडली होती, तांब्याचे केस उघडे, हाताला काळा चिकट चिखल. असा जोड आज बॅटरी पितो, उद्या धूर काढतो.

उपाय: लाल वायर वेगळी करून किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्यायची, मधे छोटा फ्यूज टाकून. फ्यूज बॉक्समध्ये खोचायची तयार फ्यूज-टॅप मिळते, वायर कापावी लागत नाही. हे जमत असेल तर करा. पहिल्यांदाच करणार असाल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि शेजारी उभं राहून करून घ्या. तुमच्या मॉडेलचा कपलर आणि कॅनबस डबा मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. मूळ वायरिंग कापलं की वॉरंटीत गाडीच्या कंपनीशी वाद घालायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

लाल-पिवळी बरोबर असेल तर टेपच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ किंवा ‘शटडाउन’चा पर्याय शोधा. काही टेप पाच मिनिटांत झोपतात, काहींना तासन्‌तास जागं राहायचं सेटिंग करून पाठवलेलं असतं.

मिलिअँपिअर मोजणं

इथवर चोर सापडला नाही तर करंट मोजावा लागतो. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात टाका. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटाला आणि दुसरं काढलेल्या चिमट्याला, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, दारं उघडायची नाहीत. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चुकलात तर फ्यूज उडणार नाही, वायर जळेल.

सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतील. थांबा. गाडीचे कॉम्प्युटर झोपायला २०-३० मिनिटं लागतात. बिनकिल्लीची गाडी असेल तर तिचा रिमोट घरात ठेवून या, खिशात असला तर गाडी तुम्हाला ओळखून जागी राहते. अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर सगळं ठीक. दोनशे-तीनशेवर अडकलं तर एकेक फ्यूज काढून बघा. ज्याच्या काढण्याने आकडा धपकन पडतो, त्या लाइनवर चोर.

यात एक चकवा आहे, मी दोनदा फसलो. निगेटिव्ह काढून परत जोडलं की टेप नव्याने सुरू होतो आणि त्या रात्री शहाण्यासारखा झोपतो. मोजलं तर सगळं छान. दोन दिवस गाडी वापरली की पुन्हा जागा. म्हणून मोजमाप एका दिवसावर सोडू नका. डीसी क्लॅम्प मीटर कोणाकडे असेल तर मागून आणा, त्यात काही काढावं लागत नाही. पण तो डीसी मोजणारा आणि मिलिअँपिअर दाखवणारा हवा. घरच्या वायरमनकडचा नुसता एसीचा असतो, तो इथे शून्य दाखवेल.

मधल्या काळात बॅटरी भरायची तर कार बॅटरीचाच चार्जर वापरा. आमच्या एका शेजाऱ्यांनी ती घरच्या इन्व्हर्टरला लावली. इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशोबाने करंट ओततो. ३५ च्या बॅटरीने बाल्कनीत दोन तासांत आंबट वाफ सोडली, कपड्यांना भोकं पडली, आणि वहिनींनी काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली, सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा ती हाताला गरम लागली, तर जम्पर केबलही लावू नका. आतला हायड्रोजन पेट घेतो. मेकॅनिकला गाडीपाशीच बोलवा. एरवी केबल लावताना शेवटचा काळा चिमटा बसलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावतात, तोही याच कारणाने.

टेपची ती पिवळी सोडून डॅशबोर्डच्या मागे दुसरी पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला मीटर लावायचा नाही, हलवायचाही नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे जिवाला धोका, लांब राहा. त्या गाड्यांनाही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तीही अशीच उतरते, पण ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

बाहेरून बसवलेलं सगळं काढूनही करंट खाली येत नसेल तर अल्टरनेटरचा डायोड गेला असू शकतो, किंवा गाडीचा एखादा मूळ मॉड्यूल झोपत नसेल. हे घरी होत नाही. चार्जिंग सतत १३ च्या खाली किंवा १५ च्या वर असेल तरीही तेच. एकच फ्यूज दोनदा उडाला तर तिसरा मोठ्या अँपिअरचा टाकू नका, वायर जळून गाडी पेटते. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर निगेटिव्ह काढा आणि गाडी जागेवरून हलवू नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना रात्रीचं व्होल्टेज, सकाळचं व्होल्टेज, निगेटिव्ह काढलेल्या रात्रीचा निकाल आणि करंटचा आकडा एका कागदावर लिहून न्या. मी शेजारच्या वहिनींना असा कागद लिहून दिला होता. इलेक्ट्रिशियनने तो वाचला, ‘नवी बॅटरी टाका’ म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं आणि पोराला हाक मारली, “पोट्ट्या, टेप खोल आधी.”